शेतीपंपांची रात्रपाळी कोळशामुळे

आपल्याकडे शेतीपंपांना वर्षानुवर्षं रात्रीची वीज मिळत आली. बिबट्याचं, सापाचं भय घेऊन माणसं पहाटे दोनला पिकाला पाणी द्यायला जातात, त्याचं एक मोठं कारण कोळशात आहे. औष्णिक केंद्राचा बॉयलर रोज रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. थंड पडलेला संच पुन्हा चालू व्हायला कित्येक तास लागतात. शहरं झोपली की उरलेली वीज कुणीतरी वापरायला हवी. ती शेतकऱ्याच्या गळ्यात पडली.

सौरऊर्जेनं हे घड्याळ उलटं फिरवलं. 2017 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावालगतच्या उपकेंद्राजवळ पॅनेल बसतात आणि तिथल्या शेती फीडरवरचे पंप दिवसा चालतात. कोळसा मागे सारण्याचा याहून थेट फायदा मला दिसत नाही.

अडचण संध्याकाळची आहे. घरोघरी दिवे-पंखे लागतात तेव्हाच ऊन मावळलेलं असतं. त्यासाठी घाटघरकडे पाहायला हवं. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय, खाली शहापूर तालुक्यात दुसरा, मध्ये सुमारे चारशे मीटरचा उतार आणि डोंगराच्या पोटात 125 मेगावॅटचे दोन संच. मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून वीज करायची. वीज शिल्लक असली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी वर चढवायचं. यात साधारण पाचवा हिस्सा वीज खर्ची पडते, पण संध्याकाळ निभावते. हा प्रकल्प आखला तेव्हा पाणी चढवण्याची वेळ रात्रीची होती, कारण शिल्लक वीज कोळशाची होती. आता ती भरदुपारची व्हायला हवी. असे प्रकल्प आणखी हवेत, मात्र डोंगरातली गावं आणि जंगल यांचा हिशेब आधी मांडून.

पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ झाकोळतं, तेव्हा घाटघरही पुरं पडणार नाही. तिथे अणुवीज लागते. तारापूरचे 540 मेगावॅटचे दोन संच ऊनपावसाची वाट पाहत नाहीत. पण 9900 मेगावॅटच्या जैतापूरचा करार 2010 साली झाला, आणि अजून एकाही अणुभट्टीचं बांधकाम सुरू नाही. स्थानिकांचा विश्वास न मिळवता ते पुढे रेटू नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून चंद्रपूर, कोराडीचे कोळशाचे संच इतक्यात बंद होणार नाहीत. नियमानुसार ते दुपारी 55 टक्के क्षमतेपर्यंत उतरवता आले पाहिजेत. जुन्या संचांत त्यासाठी दुरुस्त्या कराव्या लागतील आणि तो खर्च आताच करायला हवा.