उंदराचे काळीज

काळीज म्हटले की आपल्याला हृदय आठवते. पण खाटकाकडे ‘कलेजी’ मागा, हाती यकृतच पडेल. जुन्या कोशांतही काळजाचा हा अर्थ आहे. आम्हां भाषेच्या मास्तरांचे ज्ञान इथे संपते नि शस्त्रवैद्याचे सुरू होते.

१९३१ साली अमेरिकेत मेयो फाउंडेशनच्या हिगिन्स आणि अँडरसन यांनी पांढऱ्या रॅटवरची शस्त्रक्रिया लिहून ठेवली. भूल द्यायची, छातीखाली पोट चिरायचे, यकृताचे मधले व डावे खंड अलगद बाहेर घ्यायचे, मुळाशी दोरा आवळायचा आणि कापायचे. दोनतृतीयांश यकृत गेले! तरी आठवडा-दहा दिवसांत वजन बहुतेक भरून येते. कापलेले खंड मात्र पुन्हा उगवत नाहीत, उरलेलेच वाढतात.

लहान उंदरात, म्हणजे माऊसमध्ये, खरी कसोटी लागते. रॅटला पित्ताशय नसते. याला असते, तेही नेमके मधल्या खंडाला चिकटून. आणि गाठ महाशिरेच्या फार जवळ बसली तर शीरच आवळली जाते, प्राणी दगावतो. जेमतेम पंचवीस ग्रॅमचा जीव!

या मुक्या जीवांची मला कीव येते, ती लपवीत नाही. पण १९८९ साली ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या यकृताचा तुकडा तिच्या बाळाला बसवला, तो उरलेले यकृत वाढते याच भरवशावर. मायलेक दोन्ही वाचली.