परदेशात पर्यटनाचा धंदा : परक्या माणसासाठी दार किती उघडं असतं?



सातवी-आठवीच्या मुलांना "मोठेपणी काय करणार?" असं विचारलं की पोलीस, शिक्षक, डॉक्टर या नेहमीच्या उत्तरांच्या जोडीला हल्ली एक नवीन उत्तर येतं : "परदेशात जाऊन टूरिझमचा बिझनेस करणार." मोबाइलवर थायलंडचे समुद्रकिनारे आणि दुबईच्या उंच इमारती बघून हे स्वप्न तयार होतं. स्वप्न चांगलंच आहे, त्याला हसू नये. पण त्या देशाच्या नजरेतून आपण 'परकीय नागरिक' असतो आणि परक्या माणसासाठी तिथले नियम वेगळे असतात. आजच्या लेखात हे नियम समजून घेऊ. आणि शेवटी बघू की याचा आपल्या नंदुरबार जिल्ह्याशी काय संबंध आहे. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

पर्यटन व्यवसाय म्हणजे एक धंदा नव्हे

पर्यटक घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत त्याच्या गरजा मोजून बघा. प्रवास, राहणं, जेवण, वाट आणि माहिती सांगणारा माणूस (गाइड), आणि या सगळ्याची जुळणी करणारी टूर कंपनी. हे पाच वेगवेगळे धंदे आहेत आणि बहुतेक देशांत प्रत्येकाचा परवाना वेगळा असतो. म्हणून "त्या देशात पर्यटनाचा धंदा करता येतो का?" हा प्रश्न अपुरा आहे. "या पाचांपैकी कोणता?" असं विचारलं पाहिजे.

तीन दारं

परक्या देशात धंदा करायचा तर तीन दारांतून जावं लागतं.

१) राहण्याचं आणि कामाचं दार. पर्यटक व्हिसावर फिरता येतं, कमावता येत नाही. कामासाठी वेगळा व्हिसा लागतो आणि बऱ्याच देशांत कामाचा परवानाही लागतो.

२) मालकीचं दार. कंपनीत परक्या माणसाचा हिस्सा किती असावा, हे त्या देशाचा कायदा ठरवतो.

३) धंद्याच्या परवान्याचं दार. कंपनी नोंदवली म्हणजे टूर काढायची परवानगी मिळाली असं नाही. ती पर्यटन खात्याकडून वेगळी घ्यावी लागते.

एक दार उघडं आणि दुसरं बंद, असंही होतं. उदाहरणं बघू.

थायलंड : इथे परकीयांच्या धंद्यासाठी १९९९ चा कायदा आहे. ज्या कंपनीत निम्मे किंवा त्याहून जास्त शेअर परकीयांचे, ती परकीय कंपनी समजली जाते आणि तिला अनेक धंदे बंद आहेत. टूर कंपनीसाठी २००८ चा वेगळा कायदा आहे. त्यानुसार निम्म्याहून जास्त हिस्सा थाई नागरिकांचा असावा लागतो. सर्वसाधारण नियम असा की, एका परकीय माणसाच्या कामाच्या परवान्यामागे कंपनीचं भांडवल २० लाख बाथ आणि चार थाई कर्मचारी लागतात. २० लाख बाथ म्हणजे आपल्या पैशात साधारण पन्नास लाखांच्या घरात. आणि गाइडचं काम? ते फक्त थाई नागरिकांसाठी राखीव आहे. तुम्हाला बँकॉकची सगळी देवळं तोंडपाठ असली तरी तिथे गाइड म्हणून उभं राहता येत नाही.

नेपाळ : इथे जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. १९५० च्या मैत्री करारामुळे दोन्ही देशांचे संबंध खास आहेत. तरीसुद्धा नेपाळच्या २०१९ च्या परकीय गुंतवणूक कायद्यात बंद धंद्यांची एक यादी आहे. ट्रॅव्हल एजन्सी, गाइड, गिर्यारोहणाची वाट दाखवणं आणि होमस्टेसह ग्रामीण पर्यटन हे त्या यादीत येतात. मोठं हॉटेल बांधायला परका पैसा चालतो, पण डोंगरातल्या घरात पाहुणा ठेवायचा धंदा गावकऱ्यांसाठी राखून ठेवला आहे.

दुबई : इथे पूर्वी मुक्त क्षेत्राच्या बाहेर कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाचा लागायचा. २०२१ पासून बहुतेक धंद्यांत परकीयाला १०० टक्के मालकी मिळू लागली. मालकीचं दार मोठं झालं, पण पर्यटनाचा परवाना तिथल्या पर्यटन विभागाकडून वेगळा घ्यावाच लागतो.

इथे बसूनही परदेशाचा धंदा होतो

आपल्याकडच्या टूर कंपन्या कसं काम करतात ते बघा. केसरी टूर्स १९८४ साली सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ साली. हजारो मराठी माणसं अशा कंपन्यांबरोबर युरोप, थायलंड बघून आली. या धंद्याची सर्वसाधारण पद्धत अशी असते की टूर मॅनेजर आपला, पण बस, हॉटेल आणि स्थानिक गाइड त्या-त्या देशातले. म्हणजे परदेशात कंपनी न काढताही परदेशी पर्यटनाचा व्यवसाय करता येतो. तिथल्या माणसाला त्याचा वाटा द्यायचा आणि आपली ओळख, आपली भाषा, आपला विश्वास हे आपलं भांडवल. सुरुवात करणाऱ्याला हा मार्ग जास्त सुरक्षित आहे.

उलट बाजू : परका माणूस आपल्याकडे आला तर?

गोव्याचं उदाहरण सगळ्यांत जवळचं. १९६०-७० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांतले हिप्पी तरुण हणजूणच्या किनाऱ्यावर येऊन राहू लागले. परतीच्या तिकिटाला पैसे जमवायला ते आपल्या वस्तू विकायचे. त्यातून हणजूणचा बुधवारचा बाजार उभा राहिला. आज त्या बाजारात आपलेच विक्रेते दिसतात, पण सुरुवात परक्यांनी केली.

आज भारताचा नियम काय? हॉटेल आणि पर्यटनात परकीयाला १०० टक्के गुंतवणूक करता येते. मात्र भारतात कंपनी काढली तर किमान एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा असावा लागतो. पर्यटक व्हिसावर येऊन धंदा करता येत नाही, आणि फेमा या परकीय चलन कायद्यानुसार जमीनही घेता येत नाही. गोव्यात परकीयांनी अशा जमिनी घेतल्याची प्रकरणं चांगलीच गाजली आणि चौकशीही झाली. किनाऱ्यावरच्या शॅकच्या जागा तर गोवा सरकार गोवेकरांनाच देते, आणि ती जागा दुसऱ्याला पोटभाड्याने देणं नियमात बसत नाही.

बघा, थायलंड, नेपाळ आणि गोवा, तिन्हीकडे एकच विचार आहे. पाहुण्याचं स्वागत, त्याच्या पैशाचंही स्वागत, पण गावच्या माणसाच्या हातचं काम आणि पायाखालची जमीन जाऊ द्यायची नाही.

आता आपला जिल्हा

तोरणमाळचा यशवंत तलाव आणि सीताखाई, प्रकाशाचा तापी-गोमाई संगम, सारंगखेड्याचा घोडेबाजार, अस्तंब्याची यात्रा. आपल्याकडे बघण्यासारखं खूप आहे आणि बाहेरचे लोक येऊ लागले आहेत. उद्या कोणी म्हणेल, "मला इथे रिसॉर्ट काढायचं आहे, जमीन द्या." अशा वेळी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ लक्षात ठेवा. हे कलम १९७४ च्या दुरुस्तीने आलं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने परवानगीशिवाय देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या गहाण किंवा भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विक्रीसारख्या व्यवहाराला त्यापुढे जाऊन शासनाची मान्यताही लागते. शिवाय १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीबद्दल अधिकार दिले आहेत.

म्हणून काही लोक आडवाट काढतात : "जमीन तुझ्याच नावावर राहू दे, धंदा आम्ही करतो, तू फक्त सही कर." थायलंडमध्ये नेमकं असंच होतं. परका माणूस एखाद्या थाई माणसाला नावापुरता मालक करतो. तिथे हा गुन्हा आहे आणि शिक्षा दोघांनाही होते, नाव वापरणाऱ्याला आणि नाव देणाऱ्यालाही. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडेही एकाचा पैसा आणि दुसऱ्याचं नाव अशा व्यवहारांसाठी १९८८ चा बेनामी व्यवहार कायदा आहे, तो २०१६ साली कडक झाला.

एवढं मुलांना नक्की सांगा : परदेशात कुणाच्या नावामागे लपून धंदा करू नका, आणि इथे आपलं नाव कुणाला लपायला देऊ नका. बाहेर गेलात तर तुमचा पैसा दुसऱ्याच्या नावावर अडकेल, आणि इथे तुमच्या सहीवर तुमचीच जमीन.

जाणाऱ्याने हे तपासावं

- भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. परदेशातल्या कंपनीत गुंतवायचं असेल तर २०२२ च्या नियमांप्रमाणे बँकेमार्फत नोंद करावी लागते. हवालाने पैसे पाठवू नका.
- दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'इसीआर' शिक्का असतो. त्यांना संयुक्त अरब अमिराती, थायलंड यांसह १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. दहावी पूर्ण करा, हा शिक्का टळतो.
- एजंट सरकारकडे नोंदणी केलेला आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघा.
- "टूरिस्ट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर काम लावतो" असं कोणी म्हटलं, तर तिथेच थांबा.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम

फळ्यावर एक हिशोब मांडा. समजा, एक पर्यटक तोरणमाळला ३००० रुपये खर्च करतो : राहणं १५००, जेवण ६००, गाडी ५००, वाटाड्या ४००. रिसॉर्ट, जेवण आणि गाडी बाहेरच्या मालकाची असेल तर गावात फक्त ४०० रुपये राहतात. तेच राहणं आणि जेवण गावातल्या घरी असेल, ताटात गावचीच भाकरी आणि आमचूर घातलेली डाळ असेल, तर २५०० रुपये गावात फिरतात. मुलांना आकडे बदलून हिशोब पुन्हा करायला सांगा. मग विचारा, "तुम्ही कायदा करणारे असता, तर या पाच धंद्यांपैकी कोणता गावासाठी राखून ठेवला असता, आणि का?"

मुलं छान उत्तरं देतात. ज्याला हा हिशोब इथे कळला, तो उद्या बँकॉकला गेला तरी तिथल्या माणसाचा वाटा ओळखेल, आणि इथेच राहिला तर आपला वाटा सोडणार नाही.