विश्लेषण : कोंबडी खुडूक बसली... पुढचे २१ दिवस काय करायचे?

घरामागे आठ-दहा गावरान कोंबड्या पाळणाऱ्या मोहोळ, सांगोला, मंगळवेढ्याकडच्या कुटुंबांना हे दृश्य नवे नाही. कालपर्यंत अंगणभर फिरणारी कोंबडी अचानक कोपऱ्यातल्या पाटीत जाऊन बसते, जवळ गेले की पिसे फुलवून गुरगुरते, हात घातला की टोचते. कोंबडी खुडूक झाली. आता तिच्याखाली अंडी ठेवायची की तिला उठवायचे, हा निर्णय एक-दोन दिवसांत घ्यावा लागतो. थंडीत तो सोपा असतो. पारा चाळिशीकडे निघाला की हाच निर्णय चुकून डझनभर अंडी वाया जातात आणि कोंबडीही खंगते.

खुडूक होणे म्हणजे नेमके काय?

हा आजार नाही. ठरावीक अंडी घालून झाली की कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. अंडी घालणे थांबते, भूक कमी होते, छातीखालची पिसे विरळ होऊन तिथली उघडी, गरम त्वचा अंड्यांना टेकते. गावरान कोंबडी एका खेपेला १२ ते १८ अंडी घालते आणि मग खुडूक बसते. वर्षभरात अशा तीन-चार खेपा होतात, म्हणूनच तिची वर्षाची अंडी ५०-६० च्या पुढे सहसा जात नाहीत.

व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींमधून हा गुण पिढ्यानपिढ्या निवड करून जवळजवळ काढून टाकला आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराज, ग्रामप्रिया या परसातल्या जातीही क्वचितच खुडूक होतात. त्यामुळे वनराजची अंडी आणि खाली गावरान कोंबडी, ही जोडी अनेक घरांत दिसते. ती चांगली चालतेही. गावरान कोंबडीला अंडे कुणाचे आहे याच्याशी देणेघेणे नसते.

दुकानातली अंडी ठेवली तर?

पिल्ले निघणार नाहीत. मोठ्या पोल्ट्रीत कोंबड्यांसोबत कोंबडा नसतो, त्यामुळे ती अंडी फलितच नसतात. घरच्या कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक तगडा कोंबडा हवा. उबवणीसाठी मध्यम आकाराची, तडा न गेलेली अंडी निवडावीत. ती धुऊ नयेत. कवचावरचा नैसर्गिक थर धुऊन गेला की जंतू आत शिरतात. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, हा समज घरोघरी आहे, पण त्याला आधार नाही.

खरी अडचण साठवणुकीची. अंडे २१-२२ अंश सेल्सिअसच्या वर राहिले की आतला गर्भ हळूहळू वाढू लागतो. मार्चनंतर सोलापूरच्या घरात एवढे तापमान तर रात्रीही असते. कोंबडीविना अर्धवट वाढलेला गर्भ काही दिवसांत मरतो आणि वरून काहीच कळत नाही. थंडीत आठवडाभराची अंडी चालतात. उन्हाळ्यात मात्र तीन-चार दिवसांपेक्षा जुने अंडे ठेवू नये. ओल्या वाळूत अर्धे पुरलेले मातीचे मडके आणि त्यावर ओले फडके, हा साधा उपाय बराच उपयोगी पडतो.

पाटी कुठे आणि कशी?

अंधारी, शांत, हवा खेळती राहील अशी जागा. पत्र्याखाली तर नकोच. मे महिन्यात दुपारी पत्र्याखालची हवा अंड्याला सोसणाऱ्या तापमानाच्या पुढे जाते. उबवणी यंत्रात अंडी साधारण ३७.५ अंशांवर ठेवतात. पाटीभोवतीची हवाच ४२ अंश झाली तर कोंबडीकडे अंडी थंड करण्याचे साधन उरत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि शेवटी उठून जाते. म्हणून जुनी माणसे दिवाळी ते होळी या काळात कोंबडी रवणाला बसवायची. त्यात तथ्य आहे, आणि एप्रिल-मे शक्यतो टाळावा असेच आमचेही मत. बसवायचीच असेल तर मातीच्या भिंतीची खोली किंवा दाट झाडाच्या सावलीतले खुराडे बघा. पाटीऐवजी घमेल्यात चार बोटे माती घाला, ती किंचित ओलसर ठेवा आणि वर कोरडा कडबा बारीक करून अंथरा.

अंथरुणात थोडी चाळलेली राख मिसळली तर उवा-पिसवांचा त्रास कमी होतो. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण अर्ध्यावर कोंबडी पाटी सोडते तेव्हा कारण बहुतेकदा हेच असते. घूस, मुंगूस, मांजर, साप यांच्यापासून बंदोबस्त हवाच. काही घरांत पाटीत लोखंडी खिळा किंवा कोळसा ठेवतात, विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. त्याने अपाय नाही, पण मुंगसाला खिळ्याची भीती वाटत नाही.

नवीन जागी कोंबडी हलवायची तर रात्री, अंधारात. एक-दोन दिवस खाली दोन खोटी अंडी ठेवून ती टिकून बसते का ते पाहा, मग खरी दहा-बारा अंडी एकाच वेळी ठेवा. जास्त ठेवली तर कडेची अंडी पंखाबाहेर राहून गार पडतात.

सर्वात जास्त नुकसान कुठे होते?

दुसऱ्या कोंबड्या त्याच पाटीत येऊन अंडी घालतात तिथे. आठव्या-दहाव्या दिवशी पडलेले नवे अंडे जुन्यांत मिसळले की ओळखू येत नाही. एकविसाव्या दिवशी पहिली पिल्ले निघतात, कोंबडी दोन दिवसांत त्यांना घेऊन बाहेर पडते आणि मागे राहिलेल्या अंड्यांत अर्धी वाढलेली पिल्ले मरतात. उपाय अगदी सोपा आहे. पहिल्याच दिवशी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने किंवा कोळशाने खूण करा आणि बिनखुणेचे अंडे रोज संध्याकाळी काढून घ्या.

सातव्या-आठव्या रात्री अंडी तपासता येतात. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडा, त्यावर अंड्याचा जाड भाग टेकवा आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत. काहीच दिसले नाही तर अंडे रिकामे, नुसते लाल कडे दिसले तर गर्भ मेलेला. दोन्ही काढून टाका. कुजलेले अंडे पाटीत फुटले तर बाकीच्यांनाही बाधा होते. इजिप्तमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवली जात आणि कारागीर पापणीला अंडे टेकवून उष्णता ओळखत. आपल्याला निदान टॉर्च तरी आहे.

कोंबडीचे खाणे-पिणे?

ती दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटे उठते. तेवढ्याने अंडी बिघडत नाहीत, त्यामुळे घाबरून तिला परत दामटू नका. उठतच नसेल तर मात्र रोज ठरलेल्या वेळी अलगद उचलून बाहेर ठेवा. अखंड ज्वारी, स्वच्छ पाणी आणि राखेत लोळायला जागा एवढे पुरे. पाणी पाटीपासून चार-पाच फुटांवर ठेवा.

अंडी फिरवायचे काम तीच चोचीने करते. गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटू नये म्हणून ते लागते. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका.

पिल्लू अडकले तर कवच फोडायचे का?

नाही. पहिले भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला २४ तासही लागतात. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते, कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या आटत असतात. घाईने सोलले तर रक्तस्राव होतो. पोटात गेलेल्या याच बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढते. हॅचरीतून एक दिवसाची पिल्ले खोक्यात भरून लांबचा प्रवास करू शकतात ती त्यामुळेच. सुकल्यावर त्यांना गूळपाणी, मग ज्वारी-मक्याचा बारीक भरडा द्या. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर पिल्ले बुडतात. कावळे आणि घारींसाठी डालगे तयार ठेवा.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून द्यावी. कुपी शंभर-दोनशे पिल्लांची असते आणि उघडल्यावर टिकत नाही, म्हणून शेजारच्या चार घरांनी मिळून आणणे परवडते. गावचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा मोहोळ आणि केगावचे कृषी विज्ञान केंद्र इथे चौकशी करता येईल.

अंडी उबवायचीच नसतील तर?

नाकात पीस घालणे, पाण्यात बुचकळणे, पाय बांधणे हे प्रकार अजून चालतात. त्यांची गरज नाही. जाळीचा तळ असलेल्या, खालून हवा लागणाऱ्या पिंजऱ्यात तिला उजेडात ठेवा, दाणापाणी पूर्ण द्या. पोटाखाली ऊब मिळाली नाही की तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या उठतात. पाटीत नुसतीच बसू दिली तर ती अंडी नसतानाही तीन-तीन आठवडे बसून राहते आणि वजन घटवून घेते.

पिल्लांसोबत असलेली आई सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना टोचून दूर करू लागते. तेव्हा पिल्ले वेगळी करा. ती लवकरच पुन्हा अंड्यावर येते.