वासाची कवायत

२०२१ च्या उन्हाळ्यात बंगळुरूत मला कोरोना झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. एकदा गॅसवरची भाजी करपली. धूर डोळ्यांना झोंबला तेव्हा कुठे मला कळले. जेवणाचीही मजा गेली. जीभ गोड, आंबट, खारट, कडू अशा मूळ चवी सांगते. सांबार आणि रसम यांतला फरक सांगते ते नाक.

वास जातो कसा? नाकाच्या आत, अगदी वरच्या भागात वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. कोरोनाचा विषाणू मुख्यतः त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. आघाडीवरचा जवान शाबूत, पण रसद तुटलेली, अशी ही अवस्था. समाधानाची गोष्ट म्हणजे या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होऊ शकतात. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत आपोआप परततो. ज्यांचा परतत नाही, त्यांनी सराव करावा.

जर्मनीतील ड्रेस्डेनचे डॉ. थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या सरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रुग्णांनी सकाळ-संध्याकाळ १२ आठवडे घेतले. सराव न करणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात अधिक सुधारणा दिसली.

डॉक्टरांनी मलाही हेच सांगितले. चार लहान बाटल्या, झाकणांवर नावे. प्रत्येक वास सुमारे २० सेकंद हलकेच हुंगायचा, मनात तो आठवायचा, थोडे थांबून पुढची बाटली. पहिला महिना काहीच जाणवले नाही. सहाव्या आठवड्यात लिंबू पुसटसे आले. लवंग मात्र जळक्या रबरासारखी वाटे. बरे होताना असे विकृत वास येऊ शकतात, असे डॉक्टर म्हणाले. चौथ्या महिन्यात एका सकाळी फिल्टर कॉफीचा वास आला आणि मी कप हातात धरून नुसता बसून राहिलो.

आता महत्त्वाचे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळतात. वास न येणाऱ्याला ही सूचना मिळतच नाही. म्हणून पालकांनो, अशा व्यक्तीला स्वयंपाकघरात एकटे सोडू नका; शिळे अन्न दुसऱ्याला तपासू द्या. कॅडेट्सनो, वास गेला तर लपवू नका, एम. आय. रूममध्ये कळवा. डोक्याला मार लागल्यावर वास गेला, तर लगेच डॉक्टरांकडे जा. स्टिरॉइडची औषधे मनाने घेऊ नका.

परेड एका दिवसात सुधारत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. नाकाचेही तसेच आहे. काहींचा वास पूर्ण परतत नाही, हेही खरे; पण सराव अर्धवट सोडू नये.