चाळिशीनंतर क्रॉन्सचं निदान : आपल्या भागातल्या घरांसाठी

पांढुर्णा-सौंसरचा माणूस पोटाच्या दुखण्यासाठी नागपूर गाठतो, तोवर बहुधा वर्ष-दीड वर्ष गेलेलं असतं. आधी 'आव पडली' म्हणून गोळ्या, मग गॅसच्या गोळ्या, मग घरातलं जुनं माणूस 'ही संग्रहणी' म्हणून ताक आणि जिरं सांगतं. दरम्यान वजन उतरतं, रक्त कमी होतं, जेवल्यावर पोटात उजव्या बाजूला खाली कळ येते. शेवटी दुर्बिणीची तपासणी होते आणि फाईलवर 'क्रॉन्स डिसीज' असं लिहून येतं. वय पंचेचाळीस-पन्नास. एक मूल कॉलेजात, एकाच्या लग्नाची बोलणी चाललेली, संत्र्याचा बगीचा किंवा नोकरी अंगावर. अशा वेळी हे नाव घरात कोणी ऐकलेलंही नसतं.

म्हणून आधी ओळख. 1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रॉन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन छापलं. आडनावांच्या आद्याक्षरांच्या क्रमात क्रॉन पहिले आले, म्हणून नाव त्यांचं लागलं. स्कॉटलंडच्या डॅल्झिएल नावाच्या सर्जननं 1913 मध्येच असे रुग्ण नोंदवले होते, पण ते मागे पडले. शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते आणि तिथे सूज, जखमा होतात. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतं, पण बहुतेकदा लहान आतड्याचा शेवटचा भाग धरतो. जखम आतड्याच्या पूर्ण जाडीत उतरते, म्हणून पुढे आतडं अरुंद होतं किंवा भगंदर होतो. तरुणपणी हा आजार जास्त दिसतो, तरी चाळिशी-पन्नाशीत निदान होणं नवलाचं नाही. हा कॅन्सर नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. सावजी रस्सा किंवा तर्री-पोहे खाल्ल्यानं तो झाला, असंही नाही. घरात बाईला हा आजार झाला की 'उपासतापास फार केले' असं म्हणणारे भेटतात. त्यातही काही अर्थ नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण. आतड्याचा टीबी आणि क्रॉन्स हे दोन आजार दुर्बिणीतून जवळजवळ सारखेच दिसतात. दोन्ही आतड्याच्या त्याच जागी होतात, दोन्हींत ताप, कळ, वजन घटणं. दिल्लीच्या एम्समधल्या टंडन आणि प्रकाश यांनी 1972 मध्ये या दोघांतला फरक कसा ओळखावा यावर लेख लिहिला होता. पन्नास वर्षांनंतरही तो प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. तुकडा काढून तपासला तरी टीबीचा जंतू प्रत्येक वेळी सापडतोच असं नाही. म्हणून बऱ्याच रुग्णांना आधी टीबीची औषधं दिली जातात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते बघतात. नुसतं 'बरं वाटतंय' यावर निर्णय होत नाही, कारण टीबीच्या गोळ्यांवर क्रॉन्सच्या रुग्णालाही काही काळ बरं वाटू शकतं.

इथेच घरच्यांचा धीर सुटतो. 'आधी टीबी म्हणाले, आता क्रॉन्स म्हणतात, डॉक्टरलाच समजत नाही' असं म्हणून दवाखाना बदलला जातो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. माझ्या मते या आजारात आपल्या भागातल्या रुग्णाचं सर्वांत मोठं नुकसान याच बदलाबदलीत होतं. निदान बदलणं हा इथे उपचाराचाच भाग आहे. टीबी असताना क्रॉन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो. उलट क्रॉन्स असताना टीबीच्याच गोळ्या घेत राहिलं तर तेवढ्या काळात आतडं आकसत जातं. म्हणून दुसरं मत जरूर घ्या, पण पहिली फाईल आणि तुकड्याचा रिपोर्ट सोबत नेऊन. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, हेही लक्षात असू द्या.

निदान पक्कं झालं की सहसा आधी स्टेरॉइड देतात. त्यानं आठवडाभरात भूक परत येते, माणूस खुश होतो आणि स्वतःच गोळी बंद करतो. हे करू नये. स्टेरॉइड हळूहळू उतरवत न्यावं लागतं आणि ते कायमचं औषधही नाही. त्याच्या जागी बहुतेकदा अॅझाथायोप्रिन येतं. ही गोळी फार महाग नाही, पण आपल्याकडच्या काही लोकांना ती सोसत नाही. पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. त्यामुळे सुरुवातीला थोड्या-थोड्या दिवसांनी रक्त तपासावं लागतं. ही तपासणी पांढुर्ण्यात किंवा सौंसरला होते, रिपोर्ट मोबाईलवर डॉक्टरांना पाठवता येतो. एकदम केस गळायला लागले किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवावं.

त्यापुढची पायरी इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब अशा इंजेक्शनांची. खर्च मोठा आहे, पण 2014 मध्ये झायडस कंपनीनं अॅडालिमुमॅबचं देशी रूप बाजारात आणल्यापासून किंमत पुष्कळ खाली आली. ही इंजेक्शनं झोपलेला टीबी जागा करू शकतात, म्हणून आधी छातीचा फोटो आणि टीबीची तपासणी होते. ती टाळू नका. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरच्या नोंदणीकृत रुग्णालयातही चालतं, तेव्हा नागपूरला जाण्यापूर्वी ते रुग्णालय यादीत आहे का आणि कोणता खर्च धरतात, हे तिथल्या आयुष्मान मित्राला विचारून घ्या.

जामसावळीला जाऊन मारुतीरायाला नवस बोलणं हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. तिथे चार दिवस राहायचं असेल तरी गोळ्यांची पिशवी सोबत असावी.

जेवणाबद्दल सगळ्यांत जास्त प्रश्न येतात. सगळ्यांना लागू होईल असं एकच पथ्य नाही. दुखणं शांत असेल तर भाकर, वरण-भात, शिजवलेली भाजी, दही सोसेल तसं चालतं. आजार उसळलेला असताना मुगाची पातळ खिचडी, मऊ भात, उकडलेला आलू, अंडं यावर भागवावं. आतडं अरुंद झालं आहे असं सांगितलं असेल तर मात्र जपून. मक्याचं कणीस, फल्लीदाणे, पेरूच्या बिया, कच्ची काकडी अशा वेळी अडकतात. आपल्या भागात संत्रा कोणी नाही म्हणत नाही, पण फोडीवरचा पांढरा पापुद्राही अडकू शकतो; अशा माणसाला गाळलेला रस द्यावा. भूक मारून वजन घालवणारं पथ्य कोणी सांगितलं तर ऐकू नका. बी-12, लोह, ड जीवनसत्त्व तपासून घ्या. बिडी-सिगारेट सोडणं हा इथे उपचारच आहे, कारण धुरानं क्रॉन्स वाढतो. सांधे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणून घेऊ नका. तीही आतड्याला घातक.

एक गोष्ट लाजेपायी लपवली जाते. गुदद्वाराजवळ गाठ, पू, दुखणं. लोक बसस्टँडवरची 'बवासीर-भगंदर, खात्रीशीर इलाज' अशी पाटी बघून तिथे जातात. भगंदर हे क्रॉन्सचं पहिलं लक्षणही असू शकतं आणि आतली सूज न उतरवता कापाकापी केली तर जखम भरत नाही. बायका तर हे नवऱ्यालाही सांगत नाहीत. सांगा.

प्रवासाचंही ऐकून ठेवा. नागपूर पांढुर्ण्याहून जवळपास 100 किलोमीटर. बसमध्ये शौचालय नसतं, रेल्वेत असतं. वेळ जुळत असेल तर रेल्वेनं जा. पोळ्याला, लग्नाला पाहुणे घरी आले की 'घे ना, एवढ्यानं काय होतं' हा आग्रह सुरू होतो. ज्या घरात हा आजार आहे त्या घरच्यांनी पाहुण्यांना आधीच सांगावं, म्हणजे पंगतीत बसलेल्या माणसाला स्वतः कारण देत बसावं लागत नाही.

पोट फुगून वारा सरणं बंद झालं आणि उलट्या सुरू झाल्या, थंडी वाजून ताप आला, किंवा शौचातून पुष्कळ रक्त गेलं तर सकाळ होण्याची वाट बघू नये. रात्रीच गाडी करावी, आणि निघताना फाईल, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आयुष्मान कार्ड एकाच पिशवीत घ्यावं.