इग्वानाचे पिल्लू खात का नाही?

गेल्या जानेवारीत हिंगोली जिल्ह्यातील एका शिक्षकमित्रांकडे गेलो असता त्यांनी काचेच्या पेटीत ठेवलेले इग्वानाचे पिल्लू आम्हांला दाखवले. वीतभर लांबीचे, पोपटी रंगाचे. शहरातून भाच्याने आणून दिलेले हे पिल्लू सहा दिवस उपाशी होते. पालक, काकडी, उकडलेले अंडे, मुलांनी पकडून आणलेले नाकतोडे असे सगळे पुढे ठेवून झाले होते. "सर, आता दूध पाजून बघू का?" त्यांनी विचारले. आम्ही आधी तापमापक मागितला. सकाळचे नऊ वाजले होते आणि पेटीत १७ अंश सेल्सिअस तापमान होते.

सरपटणाऱ्या प्राण्यांना आपण पाठ्यपुस्तकात 'शीतरक्ताचे' म्हणतो. हा शब्द थोडा फसवा आहे. त्यांचे रक्त थंडच असते असे नाही. शरीराची ऊब त्यांना बाहेरून घ्यावी लागते, इतकेच. हिरवा इग्वाना मूळचा मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण प्रदेशांतला. उन्हात बसून तो आपले शरीर ३५ अंशांच्या आसपास तापवतो. त्याहून बरेच थंड राहिले तर पाचक विकरे मंदावतात, आतड्यांची हालचाल रेंगाळते आणि पोटात गेलेला पाला तसाच पडून राहतो. अशा वेळी न खाणे हा हट्ट नसून शहाणपणा असतो. मराठवाड्यातला उन्हाळा त्याला ऊब देतो, पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री देत नाहीत.

म्हणून पेटीच्या एका टोकाला, जाळीच्या बाहेरून, साधा तारेचा दिवा लावावा. त्याखालच्या फांदीवर ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २७ अंशांच्या आसपास तापमान असावे, म्हणजे पिल्लू स्वतःच जागा निवडते. दिवा आत ठेवल्यास ते त्याला चिकटून बसते आणि भाजते. काचेची पेटी मात्र कधीही उन्हात ठेवू नये. ती पाहता पाहता भट्टी होते. सकाळच्या कोवळ्या उन्हासाठी जाळीचा पिंजरा घ्यावा आणि त्याचा अर्धा भाग सावलीत ठेवावा. उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत ड-जीवनसत्त्व तयार होते व त्यामुळे कॅल्शियम शोषले जाते. हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. कॅल्शियम कमी पडले की हाडे मऊ होतात, जबडाही मऊ होतो, आणि मग भूक असूनही पिल्लाला चावता येत नाही.

आता खाद्य. आपल्या कुंपणावरचा सरडा किडे खातो, म्हणून इग्वानाही खात असेल असे मुलांना वाटते. तो अंड्यातून बाहेर आल्यापासून पानेच खातो. पानांतील तंतू पचवण्याचे काम त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव करतात, गायीच्या पोटातल्यासारखेच. हे सूक्ष्मजीव पिल्लाकडे येतात कोठून? कॅथरीन ट्रॉयर यांनी पनामात केलेले निरीक्षण १९८२ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. पिल्ले आधी घरट्यातील व बाहेरील माती खातात, मग मोठ्या इग्वानांच्या सहवासात राहून त्यांची विष्ठा खातात. वर्गात हे सांगितले की मुले नाके मुरडतात, पण पुन्हा कधी विसरत नाहीत.

नाकतोडे व अंडी यांतून प्रथिने फार झाली तर मूत्रपिंडांवर ताण येतो. दुधाचा तर प्रश्नच नाही. पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि काकडीत पाण्याखेरीज फारसे काही नसते. त्यापेक्षा शेवग्याचा पाला, लसूणघास, जास्वंदीची पाने-फुले व किसलेला तांबडा भोपळा द्यावा. तुतीची पानेही चांगली. रेशीमशेती करणारा कोणी ओळखीचा असेल तर उत्तमच. कीटकनाशक मारलेला पाला तो आपल्या अळ्यांनाही घालत नाही! सगळे नखाएवढे बारीक चिरून, पिल्लू तासभर ऊब घेऊन झाल्यावर ठेवावे आणि खोलीतून निघून जावे. शेजारी उभे राहून पाहणारी दहा मुले त्याच्या दृष्टीने दहा शिकारी असतात. हात लावलाच तर नंतर साबणाने धुवावेत, कारण या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

आमच्या मित्रांनी दिवा लावला, पेटीच्या तीन बाजूंना कागद चिकटवला आणि पिल्लाला हाताळणे बंद केले. सोनाराच्या काट्यावर रोज वजन करण्याचा त्यांचा बेत होता, तो आम्ही आठवड्यातून एकदा असा ठरवला. तिसऱ्या दिवशी दुपारी जास्वंदीची एक पाकळी कुरतडलेली दिसली.

पिल्लू उबेत असूनही आठवडाभर खात नसेल, वजन घटत असेल किंवा पाय थरथरत असतील, तर पशुवैद्यकाकडे न्यावे. घरी जबडा उघडून घास कोंबू नये. मऊ झालेला जबडा मोडतो. आणखी एक कागदी काम आहे. इग्वाना विदेशी असला तरी त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येतो, म्हणून २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी करावी लागते. मित्रांच्या भाच्याने ती केली नव्हती. शेतात सापडलेले घोरपडीचे पिल्लू मात्र नोंदणी करूनही पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.