दट्ट्या, छर्रा आणि सैल हात

मराठी मुलखात वाढलेल्या बहुतेकांची बंदुकीशी पहिली गाठ जत्रेत पडते. फळीवर रांगेने लावलेले फुगे, अलीकडे आडवे टाकलेले टेबल, आणि बंदूक मधोमध मोडून छर्रा भरून देणारा स्टॉलवाला. नेम धरलेला फुगा राहतो, शेजारचा फुटतो. 'नळी वाकडी आहे' असे म्हणून आपण पाळण्याकडे वळतो. नळी कधी कधी वाकडी असतेही. पण ती सुतासारखी सरळ असली तरी या बंदुकीचा नेम चुकण्याचे एक खास कारण तिच्या पोटातच असते. गेली काही वर्षे मी अशाच बंदुकीने दहा मीटरवरच्या कागदावर नेम धरतो आहे. त्या निमित्ताने हे कारण शोधताना जे हाती लागले, ते इथे मांडतो.

बंदुकीच्या पोटात

हवेच्या बंदुका ढोबळमानाने दोन जातींच्या. पहिल्या जातीत हवा आधीच दाबून टाकीत भरून ठेवतात; चाप ओढला की झडप क्षणभर उघडते. ही जात जुनी आहे. बार्टोलोमेओ गिरांडोनी याने 1779 च्या सुमारास बनवलेली, वीस गोळ्या लागोपाठ झाडणारी हवाई रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्यात होती. तिचा दस्ता हीच तिची टाकी. शेरलॉक होम्सच्या वाचकांना 'द एम्प्टी हाउस' या 1903 सालच्या कथेतली, आंधळ्या जर्मन कारागिराने घडवलेली बिनआवाजाची बंदूक आठवत असेल. कर्नल मोरनच्या हातातल्या त्या बंदुकीने 'हवेची बंदूक' या शब्दाला बराच काळ दहशतीचे वलय दिले.

जत्रेतली बंदूक दुसऱ्या जातीची. तिच्यात दाबलेली हवा साठवलेली नसतेच. नळी मोडताना आपण प्रत्यक्षात एक दणकट पोलादी स्प्रिंग दाबत असतो. नळीला जोडलेली दांडी दट्ट्याला मागे ढकलते, दट्ट्या स्प्रिंगला दाबतो आणि शेवटी एका खटक्यात अडकून बसतो. दट्ट्यापुढच्या सिलिंडरमध्ये उरते ती आपल्या भोवतालचीच साधी हवा, मध्यम ताकदीच्या बंदुकीत साधारण 40 घनसेंटिमीटर, म्हणजे 'कटिंग' चहाच्या अर्ध्या ग्लासाएवढी. चाप ओढला की खटका सुटतो, दट्ट्या सुसाट पुढे येतो आणि एवढी हवा सिलिंडरच्या टोकाशी चिमूटभर जागेत कोंबली जाते. तिथून एक बारीक छिद्र थेट छऱ्याच्या पाठीशी उघडते. दाब पुरेसा वाढला की छर्रा जागचा सुटतो.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते. झटक्यात दाबलेली हवा तापते, आणि इथे तर सारा खेळ सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात उरकतो. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटते ते याच तत्त्वावर. म्हणून सिलिंडरमध्ये तेल जास्त झालेली बंदूक मोठा आवाज करते आणि नळीतून धूर सोडते. जाणकार याला 'डिझेलिंग' म्हणतात. इंग्लंडमधल्या कार्ड्यू पितापुत्रांनी हवेऐवजी नायट्रोजनमध्ये अशी बंदूक झाडून पाहिली, तर तिची ताकद घटली. वंगणाचे थोडेफार जळणे छऱ्याला हातभार लावते, असा त्याचा अर्थ. हे ऐकून मुद्दाम तेल ओतणारे महाभाग भेटतात. त्यात आधी दट्ट्याचे सील जाते, मग स्प्रिंग.

छऱ्याचा आकार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तो डमरू आहे. पुढचे डोके भरीव, मधे कंबर, मागे पोकळ घेर. हवेचा दाब आला की मऊ शिशाचा हा घेर किंचित फुलतो आणि नळीच्या आतल्या पीळदार खाचांत घट्ट बसतो. त्यामुळे मागून हवा निसटत नाही आणि छर्रा भिंगरीसारखा फिरत बाहेर पडतो. बंदुकीत छर्राच नसेल तर दाब धरून ठेवायला काही उरत नाही आणि दट्ट्या थेट सिलिंडरच्या टोकावर आदळतो. या बंदुका रिकाम्या झाडू नयेत, असे म्हणतात ते यासाठीच.

छर्रा निघण्याआधी

आता मूळ प्रश्न. दारूच्या बंदुकीत धक्का बसतो तो मुख्यतः पुढे जाणाऱ्या गोळीचा आणि वायूचा. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा हलण्याआधीच एक जड वस्तू धावत सुटलेली असते, ती म्हणजे दट्ट्या. समजा, दट्ट्याचे वजन 250 ग्रॅम, त्याची धाव 80 मिलिमीटर आणि बाकीच्या बंदुकीचे वजन साडेतीन किलो. दट्ट्या पुढे गेला की न्यूटनच्या नियमाने बंदूक मागे सरकणार, आणि वजनांच्या प्रमाणात हिशोब केला तर ती पाच मिलिमीटरहून थोडी जास्त सरकते. लगेच दट्ट्या दाबलेल्या हवेच्या उशीवर अडतो आणि बंदूक उलटी पुढे झेप घेते. आधी मागे, मग पुढे असे हे दोन झटके बसत असताना छर्रा नळीतच असतो. सुरुवातीच्या काळात या बंदुकांवर बसवलेल्या चांगल्या दुर्बिणी खिळखिळ्या झाल्या त्या यामुळेच. त्या मागच्या धक्क्यासाठी बांधलेल्या होत्या. पुढचा धक्का त्यांच्या घडणीत कोणी धरलाच नव्हता.

खटका सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत साधारण सेकंदाचा शंभरावा भाग जातो. पापणी लवायला याच्या दहापट तरी वेळ लागतो. म्हणजे चाप ओढल्यानंतर काहीही सुधारणे माणसाच्या हातात नाही. बंदूक हलणारच; ती प्रत्येक वेळी तशीच हलावी, एवढीच व्यवस्था करता येते.

ही व्यवस्था म्हणजे पकड. आणि ती अंगभूत समजुतीच्या नेमकी उलट आहे. धक्का देणारी वस्तू माणूस घट्ट धरतो. पण घट्ट पकड दोनदा सारखी नसते. एकदा अंगठा जास्त दाबला जातो, एकदा खांदा. नळीचे तोंड एक मीटर लांबीत एक मिलिमीटरने ढळले, तर दहा मीटरवर छर्रा एक सेंटिमीटर बाजूला पडतो. म्हणून या बंदुकीचा पुढचा भाग उघड्या तळव्यावर नुसता टेकवतात, बोटे मिटत नाहीत, खांद्याचा दाब अगदी हलका ठेवतात. अमेरिकन लेखक टॉम गेलॉर्ड यांनी या पकडीला तोफेवरून नाव दिले. तोफ जशी आपल्या गाड्यावर मोकळेपणी मागे सरकते, तशी बंदूक हातात सरकू द्यायची. वाळूच्या पिशवीवर थेट ठेवलेली दारूची रायफल उत्तम नेम देते. स्प्रिंगची बंदूक तशाच पिशवीवरून उसळते आणि छर्रे भलतीकडे जातात.

मी हे कागदावर तपासले. एकच बंदूक, एकाच डब्यातले छर्रे, तीच दुपार. आवळून धरलेल्या पाच छऱ्यांची भोके तळहाताएवढ्या जागेत विखुरली. सैल तळव्यावरच्या पाच भोकांवर रुपयाचे नाणे ठेवले तर ती झाकली गेली. या बंदुकीत स्प्रिंग, दट्ट्या आणि नळी यांच्याइतकाच झाडणाऱ्याचा देह हाही यंत्राचा एक भाग आहे, हे त्या दोन कागदांनी मला कोणत्याही वर्णनापेक्षा स्वच्छ दाखवले.

दारूगुत्त्यातली घंटा आणि ऑलिंपिकचा ठिपका

करमणुकीचा खेळ म्हणून या बंदुकीचे भाग्य उजळले ते विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला. तिथल्या लिंकन जेफ्रीज या बंदूककाराने 1904 मध्ये नळी न मोडता खालच्या दांडीने स्प्रिंग दाबण्याच्या रचनेचे पेटंट घेतले, आणि बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीने तशा रायफली मोठ्या संख्येने बनवल्या. नळी पक्की राहिल्याने नेम सुधारला. गुत्त्यांच्या मागच्या खोल्यांत कामगारांचे संघ जमू लागले. लोखंडी पत्र्याला बोटाएवढे भोक आणि मागे घंटा. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजायची. आपल्या फुग्यांच्या स्टॉलचे हे बिलायती भावंडच म्हणायचे, फक्त त्याला तिथे संघ आणि सामने लाभले.

पुढे जर्मन कारखान्यांनी याच बंदुकीला स्पर्धेच्या कसोटीवर उतरवले. 1966 मध्ये वीसबाडेनच्या जागतिक स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलला स्थान मिळाले. धक्क्याचा प्रश्न तेव्हा दोन सुंदर रीतींनी सोडवला गेला. राश्टाटच्या डायना कारखान्याच्या बंदुकांत कुर्ट गिस यांच्या कल्पनेप्रमाणे दोन दट्ट्ये दातेरी चाकाने जोडले होते. एक पुढे धावला की दुसरा तितकाच मागे, म्हणजे धक्क्याची वजाबाकी शून्य. फाइनवेर्कबाऊने वेगळा विचार केला. त्यांच्या बंदुकीत नळी आणि सिलिंडर दस्त्यातल्या रुळांवर बसवलेले असत. चाप ओढला की तेवढा भाग मागे सरके आणि खांद्याला टेकलेला दस्ता जागच्या जागी राही. तळव्यावरची मोकळीक त्यांनी लोखंडात उतरवली होती.

पण अखेरीस स्प्रिंग हरली. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली, तोवर हवा आधी दाबून ठेवणाऱ्या रायफली पुढे सरसावल्या होत्या. आज या प्रकारात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. तिथे धक्का देणाऱ्या यंत्राला जागा नाही. 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने मिळवलेले सुवर्ण किंवा 2022 मध्ये कैरोला ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने जिंकलेले जागतिक विजेतेपद ही साठवलेल्या हवेच्या रायफलींची कामगिरी आहे. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना 1951 मध्ये उभी राहिली. तिचे संस्थापक पहिल्या लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर, म्हणजे मूळचे रत्नागिरीकडच्या मराठी घराण्यातले. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते.

स्प्रिंग हरली तरी संपली नाही. इंग्लंडमध्ये 1980 च्या दशकात रुजलेल्या 'फील्ड टार्गेट' या खेळात झाडाझुडपांत वेगवेगळ्या अंतरांवर पत्र्याच्या आकृत्या ठेवतात. तिथे स्प्रिंगवाल्यांसाठी वेगळा गट असतो. पंप नको, टाकी नको, नळी मोडली की बंदूक तयार, ही सोय आहेच. पण या गटातले लोक सोयीपेक्षा अडचणीसाठीच आलेले असतात. ज्या धक्क्यापासून स्पर्धेने सुटका करून घेतली, तोच त्यांना हवा असतो.

वेगाचा बाजार

दुकानात मात्र वेगळी भाषा चालते. जाहिरात सांगते ती सेकंदाला एक हजार फुटांहून अधिक वेग. हा आकडा बहुधा अतिशय हलका छर्रा वापरून मिळवलेला असतो. आणि वेग ध्वनीच्या जवळ, म्हणजे सेकंदाला 340 मीटरच्या आसपास गेला की डमरूच्या आकाराचा छर्रा हेलकावे खाऊ लागतो. जास्त वेगासाठी जड स्प्रिंग, जड स्प्रिंगसाठी जोराचा झटका, आणि झटक्याने नेम आणखी अवघड. जी बंदूक ताकदीसाठी विकली जाते, तिची ताकदच तिच्या नेमाच्या आड येते.

कायदाही ताकदच मोजतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 200 मीटर वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा 10 जूल, म्हणजे एक किलोचे वजन एक मीटरवरून पडावे तेवढी. पण ती साडेचार मिलिमीटरच्या टोकावर एकवटलेली असते. डोळा गमावायला त्याहून कितीतरी कमी पुरते. जर्मनीत मुक्त विक्रीची मर्यादा 7.5 जूल आहे, इंग्लंडमध्ये रायफलसाठी 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16 जूल. आपल्याकडे 2016 च्या शस्त्र नियमांत 20 जूल आणि 0.177 इंच व्यास ही रेषा आहे. तिच्यापलीकडच्या बंदुकीला परवाना लागतो. रेषेच्या अलीकडची बंदूकही खेळणे नव्हे. पाठीमागे छर्रा अडवणारी पेटी, डोळ्यांवर चष्मा, आणि शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुणे, एवढी शिस्त घरच्या अंगणातही हवी.

चिमणी आणि कागद

या बंदुकीचा आपल्या देशातला सर्वांत काळा हिशोब मात्र पाखरांच्या नावे आहे. बालपणी हाती आलेल्या एअरगनचा पहिला नेम कागदावर धरला जातोच असे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतेक सगळ्या रानपक्ष्यांची शिकार गुन्हा ठरते, आणि शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्नही येतो. तरी गलोलीची जागा एअरगनने घेतलेली गावे आहेत. अरुणाचल प्रदेशात 2021 मध्ये सुरू झालेल्या एअरगन परत करण्याच्या मोहिमेत लोकांनी आपण होऊन हजाराहून अधिक बंदुका सरकारजमा केल्या. जंगलातली पाखरे गप्प होत चालल्याचे ज्यांना आधी कळले, त्यांनीच हे केले.

याला उत्तर म्हणून सालीम अलींचे नाव हटकून घेतले जाते. मुंबईत खेतवाडीत वाढणाऱ्या या मुलाने मामांनी दिलेल्या छोट्या एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले, तिथे डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटातले पक्षी उघडून दाखवले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी त्या चिमणीचे पडणेच ठेवले. पण या गोष्टीचे श्रेय बंदुकीला देणे मला पटत नाही. अशा बंदुका हजारो मुलांच्या हातांत होत्या. पडलेल्या पाखराकडे पाहून 'ही कोणती?' असे विचारणारा मुलगा आणि त्या प्रश्नाला दार उघडून देणारी माणसे विरळ होती.

तो प्रश्न विचारायला आज पाखरू पाडावे लागत नाही. कागदावरचे प्रत्येक भोकही प्रश्नच असतो. हे इथे का पडले? श्वास अर्धवट होता की खांदा आवळला होता? चाप ओढल्यावर नजर माशीवर राहिली की छऱ्यामागे पळाली? पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे आणि पुन्हा भोक पाहायचे. छर्रा संपतो, कागद भरतो, आणि त्यावर तारीख घालून तो जपून ठेवता येतो.